थांब्यांचा रस्ता

(मानवत येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मानवतचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला १९७२ ते ७४ चं ते हत्याकांड आठवतं. २०२४ मध्ये त्यावर मालिका आली आणि पुन्हा सगळ्यांनी तेच विचारायला सुरुवात केली. मी परभणीचा. मलाही लोक विचारतात, तुमच्या जवळचंच ना ते गाव? मी सांगतो, हो, तेच. कापसाचा बाजार भरतो, कल्याण–निर्मल रस्त्यावर आहे. विचारणाऱ्याची थोडी निराशा होते. आज मात्र मी त्याच रस्त्यावर बोलणार आहे.

सरकारी कागदात हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ आहे. २०१० साली देशातल्या महामार्गांचे आकडे बदलले, त्याआधी तो २२२ होता. कल्याणहून निघतो, मुरबाडवरून माळशेज घाट चढतो, आळेफाटा, नगर (आता अहिल्यानगर), पाथर्डी असं करत बीड जिल्ह्यात शिरतो. गढी, माजलगाव झालं की ढालेगावला गोदावरी ओलांडतो, पाथरी घेतो, मानवत घेतो, परभणी, वसमत, नांदेड, भोकर, भैंसा करत तेलंगणात निर्मलला पोचतो. २२२ क्रमांक होता तेव्हा त्याची लांबी सुमारे ६१० किलोमीटर नोंदलेली होती, त्यातले साडेपाचशे आपल्या राज्यात.

या एवढ्या लांब रस्त्यावर कल्याणला बसून थेट निर्मलला उतरणारा माणूस शोधायला गेलं तर फार थोडे सापडतील. रस्ता लांब पल्ल्याचा असला, तरी वापर तुकड्यातुकड्यांचा. पाथर्डीची माणसं ऊसतोडीला निघतात, पाथरीचा माणूस परभणीच्या कोर्टात तारखेला जातो, मानवतचा व्यापारी नांदेडला. मग हा रस्ता ‘महत्त्वाचा’ आहे असं आपण म्हणतो ते कशाच्या जोरावर? माझं म्हणणं असं, की रस्त्याला भाव येतो तो जिथे वाटसरूला थांबावं लागतं तिथे. नाका, नदी, घाट, घोडे बदलायची जागा, रुळांची रुंदी बदलते ते स्टेशन, कापसाचा जिन. थांबणं गेलं, की त्या गावाचा रस्त्यातला वाटाही जातो. हे कसं होत आलं, ते या एका रस्त्यावर बघू.

सुरुवात लांबून करतो. माळशेजच्या शेजारी नाणेघाट आहे. कल्याण बंदरातून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारा सातवाहनांचा माल त्या घाटानं चढायचा. वर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे, जो जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. म्हणजे घाट चढून दमलेला व्यापारी वर पोचला, की पहिल्यांदा थांबायचा तो पैसे द्यायला. ‘पेरिप्लस’ नावाचं एका ग्रीक खलाश्याचं प्रवासवर्णन पहिल्या शतकातलं आहे. त्यात भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून तगर, म्हणजे आपलं तेर, दहा दिवसांवर असल्याचं लिहिलंय. त्यातच अशीही नोंद आहे की कल्याणचं बंदर पूर्वी खुलं होतं, पण आता तिकडे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. घाट तोच, माल तोच. फक्त राज्यकर्त्याचं तोंड दुसऱ्या बंदराकडे वळलं आणि रस्ता ओस पडला. रस्त्याचा इतिहास इथूनच असा आहे. आता सातवाहनांचे तांडे मानवतवरून गेले असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे प्रत्येक गावाला रामाचे पाय लागलेले असतात, त्यात आणखी भर नको.

पाथरीचं मात्र ठामपणे सांगता येतं. नगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, हे इतिहासकार फरिश्तानं लिहून ठेवलंय. नगरला गादी मिळाल्यावर त्यांना वडिलोपार्जित पाथरी हवीशी वाटली. पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशाहीकडे. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, तो नाकारला गेला, आणि १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशहानं पाथरी घेतली. त्यावरून दोन घराण्यांत वर्षानुवर्षं लढाया झाल्या. नगर आणि पाथरी यांच्यातली ही ओढाताण ज्या पट्ट्यात झाली, त्याच पट्ट्यातून आज आपली एसटी नगरला जाते. अकबराच्या काळात ‘आईन-इ-अकबरी’त पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून येतं, म्हणजे जिल्ह्यापेक्षाही मोठं ठाणं. तालुक्याच्या गावाला हे ऐकून बरं वाटेल, पण ठाणं गेलं की रस्त्यावरून जाणारी फौज थांबायची बंद झाली, आणि पाथरीचं वजन कमी झालं.

पुढची काही शतकं या भागातली मोठी वाहतूक बैलांच्या पाठीवरून झाली. लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन जायचे. त्यांना पक्का रस्ता लागायचा नाही. पाणी आणि चारा लागायचा. पाणवठे होते तिथे मुक्काम, मुक्काम होता तिथे बाजार.

हैदराबादच्या निजामाच्या काळात आपला आजचा रस्ता एक रस्ता नव्हताच. कल्याणपासून पाथर्डी तालुक्यापर्यंत इंग्रजांचा मुंबई इलाखा, पुढे बीडपासून निर्मलपर्यंत निजामाचा मुलूख. मधे करोडगिरीचा नाका. हा शब्द आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. निजामाच्या राज्याची जकात म्हणजे करोडगिरी, आणि ती आत येणाऱ्या मालावर होती तशी बाहेर जाणाऱ्यावरही होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तरुणांनी पहिले हल्ले जे केले, त्यात करोडगिरी नाके मोठ्या संख्येनं होते. ते सहज नव्हतं. राजा लांब हैदराबादेत, त्याचा हात खेड्यातल्या माणसाच्या खिशापर्यंत पोचायचा तो या नाक्यावर. त्याचं राज्य डोळ्यांना दिसायचं ते तिथेच.

निजामाच्या राज्यातल्या वाटा हैदराबादकडे तोंड करून होत्या. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली आणि सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावं रुळावर आली. मानवत रुळाच्या बाजूला पडलं. गावाच्या वाट्याला आलं ते काही मैलांवरचं मानवत रोड स्टेशन. कापसाच्या गाड्या बैलांनी स्टेशनपर्यंत ओढायच्या आणि तिथून माल मीटरगेजच्या डब्यात. मनमाडला तो डब्यातून उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात चढवायचा. रुळांची रुंदी वेगळी म्हणून सगळा माल तिथे थांबायचा, आणि या थांबण्यावर मनमाडच्या कितीतरी हमालांची घरं चालली. १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला, थांबणं संपलं, काम संपलं. मीटरगेज गेल्यावर काय होतं, हे पूर्णेच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

याच जातीची एक गोष्ट इंग्लंडातली सांगतो. लंडनहून यॉर्कमार्गे एडिंबरोला जाणारा ‘ग्रेट नॉर्थ रोड’ हा तिथला जुना लांब पल्ल्याचा रस्ता. इंग्लंडातलं पहिलं रस्त्यावरचं टोल फाटक याच रस्त्यावर, १६६३ च्या कायद्यानं, वेड्समिल नावाच्या गावाजवळ बसलं. कारण काय, तर जव आणि माल्ट लादलेल्या जड गाड्या लंडनकडे जाऊन रस्ता उखडतात. कापसाचे ट्रक डोळ्यांपुढे आणा, तक्रार ओळखीची वाटेल. अठराव्या शतकाच्या मध्याला लंडन ते एडिंबरो घोडागाडीनं उन्हाळ्यात दहा दिवस आणि हिवाळ्यात बारा दिवस लागतात अशी जाहिरात असायची. १८३० च्या दशकात रस्ते सुधारले, तेव्हा तेच अंतर दोन दिवसांच्या आत आलं. पण घोडे दर दहा-पंधरा मैलांवर बदलावे लागायचे. त्यामुळे या रस्त्यावरची गावं खाणावळी आणि तबेल्यांवर जगली. स्टॅमफर्ड हे त्यातलं एक. तिथल्या ‘जॉर्ज’ नावाच्या जुन्या खाणावळीची पाटी रस्त्यावर आडव्या तुळईला टांगलेली आहे, अगदी फाशीच्या चौकटीसारखी. ती अजून आहे.

मग रेल्वे आली. मुख्य मार्ग स्टॅमफर्ड सोडून पीटरबरोवरून गेला. १८५० नंतर घोडागाड्या बंद, तबेले रिकामे, टोल गोळा करणारे ट्रस्ट कर्जात. पीटरबरो वाढलं, स्टॅमफर्ड थबकलं. विसाव्या शतकात मोटार आली आणि रस्त्याला पुन्हा भाव आला. रस्त्यांना क्रमांक देताना या रस्त्याला ‘ए १’ असा पहिला क्रमांक मिळाला. १९५९ मध्ये ‘एम १’ हा मोटारमार्ग सुरू झाला आणि बराच भार तिकडे गेला. १९६० मध्ये स्टॅमफर्डला वळणरस्ता मिळाला. गावकऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, कारण तोवर ट्रक गावाच्या मधून जायचे. आता गंमत बघा. शंभर वर्षं मागे पडल्यामुळे स्टॅमफर्डची जुनी दगडी घरं कोणी पाडली नाहीत. १९६७ मध्ये ते ब्रिटनमधलं पहिलं जतनक्षेत्र ठरलं, आणि जुन्या काळाचे चित्रपट, मालिका काढणारे लोक तिथे चित्रीकरणाला येऊ लागले. एकच गाव एकाच रस्त्यामुळे श्रीमंत झालं, मागे पडलं आणि मागे पडल्यामुळेच जपलं गेलं.

आपल्याकडे मागे पडलेलं गाव जपलं जात नाही, हे वेगळं. आपल्याकडे ते फक्त मागे पडतं. जुने वाडे स्टॅमफर्डसारखे पर्यटकांची वाट बघत नाहीत. ते भाऊबंदकीच्या दाव्यात पडतात. त्यामुळे स्टॅमफर्डचा धडा इथे घोटून घोटून गिरवू नये. तिथला एकच मुद्दा घ्यावा, की मुख्य रस्ता कोणाचा कायमचा नसतो.

आता स्वतःकडे येतो. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनं २७ बसगाड्या घेऊन राज्याची स्वतःची बससेवा काढली. सरकारी बससेवेचा तो हिंदुस्थानातला आरंभीचाच प्रयोग. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६१ मध्ये मराठवाड्याची बस राज्य परिवहन महामंडळात मिसळली. रस्त्याच्या दृष्टीनं १९५६ चा दिवस सगळ्यात मोठा. त्या दिवशी नगर आणि माजलगाव एका राज्यात आले, आणि कल्याणपासून नांदेडपर्यंतचा रस्ता पहिल्यांदा सलग आपला झाला. पण दुसऱ्या टोकाला, जिथे तोपर्यंत रस्ता सलग होता, तिथे भोकर आणि भैंसा यांच्यात नवी सीमा आखली गेली. भैंसा नांदेड जिल्ह्यातून निघून आणि निर्मल आदिलाबाद जिल्ह्याबरोबर आंध्रात गेलं. २०१४ पासून तो भाग तेलंगण. म्हणजे आपल्या बाजूनं एक नाका उठला आणि दुसऱ्या बाजूनं एक बसला. आणि मुंबईकडे तोंड झाल्यावर आपण हैदराबादकडे पाठ केली, असं आपलं आपल्यालाच वाटलं. आजही वसमतच्या पुढे व्यापार कुठल्या दिशेनं जातो ते एखाद्या अडत्याला विचारून बघा.

या सीमेचा सगळ्यात मजेदार उपयोग कापसानं केला. १९७२ च्या हंगामापासून जवळपास तीस वर्षं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस विकायचा तर सरकारी खरेदी केंद्रावर. योजनेचा हेतू चांगला होता, सुरुवातीला तिनं शेतकऱ्याला हात दिला, हे नाकारायचं कारण नाही. पण सीमेपलीकडे भाव जास्त असला, की कापूस कुठे जाणार? भैंशाच्या बाजूला. रात्रीच्या गाड्या, आतले रस्ते, नाक्यावरच्या ओळखी. पाहणाऱ्यांनी पाहिलंय, बोलणारे कमी. कायद्यानं एक थांबा बसवला आणि रस्त्यानं त्याला बगल दिली. करोडगिरी आणि एकाधिकार या दोन गोष्टींत फरक पुष्कळ आहे, पण रात्रीच्या गाडीवानाला तो फारसा जाणवला नसावा.

रस्ता बांधला कुणी, याबद्दलही बोललं पाहिजे. इथल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, खडी फोडल्याच्या आठवणी निघतील. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी दुष्काळी कामावर दगड फोडले. त्याच सुमारास वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेनं जोर धरला. सांगलीतल्या तासगाव भागातून ती सुरू झाली होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मराठवाड्यातले कितीतरी गावरस्ते या मजुरीचे आहेत. आज सिमेंटच्या चौपदरी रस्त्याचं कौतुक करताना त्या हातांचं नाव कोणी घेत नाही.

आणि हे रस्ते टिकत का नाहीत? त्याचं उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. पावसात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून तिला हातभर भेगा पडतात. तिच्यावर केलेला रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. ज्या मॅकॅडमच्या नावानं आपण मॅकॅडम रस्ते म्हणतो, त्या स्कॉटिश माणसाचं सांगणं साधं होतं: भार खालची माती पेलते, दगड नाही, म्हणून माती कोरडी ठेवा. म्हणून त्यानं बारीक, सहा औंसांपेक्षा जड नसलेल्या दगडांचे थर घातले, रस्ता जमिनीपेक्षा उंच ठेवला, कडेला पाणी वाहून जायची सोय केली. आपल्या ठेकेदारांनी दगड घेतले, थर घेतले, चर तेवढा सोडला. काळ्या मातीवर रस्ता करताना आधी मुरूम आणि पाण्याची वाट, मग डांबर किंवा सिमेंट, हे कुठल्याही गावच्या गवंड्याला कळतं. बिलात ते बसत नसावं.

आता नवीन रस्ते. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. तो जालन्यावरून जातो, आपल्याकडे येत नाही. म्हणून जालना–नांदेड जोडरस्ता परभणी जिल्ह्यातून आखला गेला. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाचं रेखाटनही या जिल्ह्याला शिवतं. त्याला अनेक गावांतून विरोध आहे, आणि जमीन जाणाऱ्याचा विरोध ऐकून न घेता कोणी त्याला अडाणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. मला आज त्या वादात जायचं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. या रस्त्यांवर चढायला आणि उतरायला ठरावीक जागा असतात. दुचाकीला आणि बैलगाडीला समृद्धीवर प्रवेश नाही. आडवी वाट तिला भेटत नाही, पुलाखालून जाते. समृद्धीचा सगळा हेतूच थांबणं कमी करण्याचा आहे. हेतू योग्य आहे, मुंबईला जाणाऱ्या माणसाला मधल्या गावात अडकवून ठेवण्याचा आपल्याला हक्क नाही. पण मग कल्याण–निर्मल रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यानं, पंक्चरवाल्यानं, रसवंतीवाल्यानं लांबचं गिऱ्हाईक आपलं म्हणून धरू नये. या रस्त्यावरचा मुंबईचा बराच माल जालन्याकडे वळेल. ग्रेट नॉर्थ रोडनं ‘एम १’ला वाट दिली, तशीच.

यावर कोणी म्हणेल, मग मानवत संपलं. नाही. कापसाचं गणित बघा. शंभर किलो कापूस जिनात घातला, तर साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते. उरतं त्यात बहुतेक सरकी. सरकीचं तेल आणि पेंड, पेंड जनावराला. एक गाठ १७० किलोची, ती बांधली की लांब कुठेही जाऊ शकते, कोईमतूरला जाऊ शकते, बंदरावर जाऊ शकते. पण गाठ होण्याआधीचा कापूस फुगलेला असतो, हलका आणि जागा खाणारा. तो तीनशे किलोमीटर नेला तर दोन तृतीयांश सरकीचं भाडं भरून नेला. म्हणून जिन शेताजवळच लागतो, आणि म्हणून मानवतला थांबणं भाग आहे. हा थांबा सरकारनं बसवलेला नाही आणि वळणरस्त्यानं उठणारही नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं, नांदेडच्या कापूस संशोधनाचं, १९८० च्या दशकात आलेल्या नांदेड-४४ संकरित वाणाचं महत्त्व या रस्त्याच्या संदर्भात मला याचसाठी वाटतं. रस्त्यावर काय चढतं ते शेतात ठरतं.

फक्त शेतापासून जिनापर्यंतची वाट जुलैत चिखलात असते. मॅकॅडमनं सांगितलेली कोरडी माती आपल्या पाणंद रस्त्यांना मिळालेली नाही. राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ ची आहे, तिच्यात मानवत तालुक्यातल्या कोणत्या वाटा आल्या, कोणत्या राहिल्या, याची यादी कुठेतरी असणार. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, आणि पावसाळ्याच्या आधी लागली पाहिजे. मुरमाचा ट्रक कोणत्या वाटेवर रिकामा झाला, चर खणला की नाही, हे गावातल्या चार माणसांनी उभं राहून बघायचं आहे. ज्या दिवशी कोल्ह्याच्या किंवा रुढीच्या शिवारातला टेम्पो भर पावसाळ्यातसुद्धा न रुतता बाजार समितीच्या फाटकात येईल, त्या दिवशी कल्याणला किती वेळात जाता येतं हा प्रश्न मानवतकराला फारसा पडणार नाही.